तुळसाबाईंना दाखवलेलं शहर

डोमाजी रंगारी स्पेनला जाऊन आले हे शहापुरात सगळ्यांना माहीत आहे. कशासाठी गेले होते हेही आता सगळ्यांना माहीत आहे. पण तिथल्या दिवसांत त्यांनी काय केलं आणि इथे आम्ही काय केलं, ते नीट कोणी सांगत नाही. मी त्यात होतो, म्हणून मी सांगतो.

डोमाजी एस.टी.त कंडक्टर होते. एकतीस वर्षं. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीवर त्यांची निम्मी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही त्यांना बसमध्ये बसायला जमत नसे. जागा रिकामी असली तरी दांड्याला धरून उभे राहायचे. त्यांच्या बायको तुळसाबाई. त्यांचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, त्यामुळे माहेरी जाणं हा प्रकार त्यांच्या आयुष्यातून केव्हाच संपला होता. मुलगी खुशबू बपेऱ्याला दिलेली. आणि धाकटा सुगत. सुगत माझा विद्यार्थी. आयटीआय करून, मुंबईला कसलासा कोर्स करून तो मालवाहू जहाजावर लागला, इंजिनाकडच्या कामाला. सुट्टीत आला की मला भेटल्याशिवाय राहत नसे. फॉर्म भरायला मीच मदत केली होती. घरच्यांना इंग्रजी येत नाही म्हणून संपर्काच्या रकान्यात त्याने वडिलांच्या नंबराखाली माझाही नंबर आणि ईमेल लिहिला होता.

म्हणून ते पत्र माझ्याकडे आलं.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती. सकाळी शाळेत निघताना मोबाइल पाहिला. कंपनीचं पत्र होतं. जहाज स्पेनमधल्या कार्ताहेना नावाच्या बंदरात उभं होतं. सुगत जहाजाच्या पोटात उतरताना लोखंडी शिडीवरून पडला होता. तीस फूट. डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती, प्रकृती अत्यंत गंभीर. घरच्या एका माणसाला तिकडे आणायची व्यवस्था कंपनी करील, असं खाली लिहिलं होतं.

मी शाळेत गेलो नाही. डोमाजींना घरी बोलावून घेतलं आणि पत्र वाचून दाखवलं. ते उभेच होते. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, परत एकदा वाचा."

मी परत वाचलं.

"तुळसाले काय सांगू?"

तुळसाबाईंना त्याच वर्षी होळीच्या सुमारास हृदयाचा झटका येऊन गेला होता. नागपूरला नेऊन स्टेंट टाकली होती. जिवाला धक्का बसेल असं काही कानावर पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.  मग मीच म्हणालो, आणि हे मी लपवणार नाही, मीच म्हणालो, "पाय मोडला म्हणून सांगा. तिकडे जाऊन पाहा. मग ठरवू."

पासपोर्ट डोमाजींकडे होता. मायबापाला श्रीलंकेला नेऊन तिथले विहार दाखवायचे म्हणून सुगतने आदल्या वर्षी दोघांचेही अर्ज भरले होते. तुळसाबाईंचा अर्ज माहेरच्या नावाच्या घोळात अडकला. त्यामुळे त्यांना जाता येणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं आम्हाला बरंच वाटलं. व्हिसा, तिकीट कंपनीने करून दिलं. निघताना तुळसाबाईंनी तिळाच्या वड्यांचा डबा दिला. "पाय मोडला तं हाडाले तीळ चांगली राह्यते. त्याले रोज एक देजो मनजा दवाखान्यातल्या बाईले," असं त्यांनी मला सांगितलं, म्हणजे मी ते इंग्रजीत लिहून द्यावं. मी कागदावर लिहून दिलं.

डोमाजी तिथे पोचले तो गुरुवार होता. विमानतळावर कंपनीची एक बाई गाडी घेऊन आली होती. तिने त्यांना आधी इस्पितळात नेलं.

सुगतचं डोकं पट्ट्यांत होतं, तोंडात नळी, छाती यंत्राने वरखाली होत होती. डोमाजींनी मला नंतर सांगितलं की पहिल्यांदा त्यांना वाटलं, हा आपला पोरगा नाहीच. चेहरा सुजून दुसराच झाला होता. मग त्यांनी हात पाहिला. नर्सनी अंग स्वच्छ पुसलेलं, पण नखांच्या खाली इंजिनाचं काळं तेल तसंच होतं. सुट्टीत आला की तुळसाबाई ते काळं टाचणीने काढत बसायच्या. त्यावरून त्यांनी ओळखलं.

भेटायला दिवसातून दोनदाच देत. दुपारी एक वाजता अर्धा तास आणि संध्याकाळी सातला अर्धा तास. बाकीचा दिवस डोमाजींचा रिकामा. इस्पितळ गावाबाहेर टेकडीवर आणि त्यांची राहायची खोली जुन्या गावात, बंदराजवळ. ते अंतर सिटी बसचं होतं. पहिल्या दिवशी कंपनीच्या बाईने बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते एकटे निघाले आणि भलतीकडेच पोचले. बसमध्ये कंडक्टर नव्हता. ड्रायव्हरच तिकीट देई. थांबा आला तर कोणी ओरडून सांगत नव्हतं आणि ओढायला घंटीची दोरी नव्हती. दांड्यावर लाल बटण असतं, ते दाबलं नाही आणि थांब्यावर कोणी उभं नसलं तर गाडी थांबतच नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. इस्पितळ मागे गेलं. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली, तिथून ते उन्हात चालत परत आले. एकची वेळ टळली होती. नर्सने घड्याळ दाखवलं आणि दार लावून घेतलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांना त्यांच्या गावी उतरवलेल्या माणसाला स्वतःच्या मुलाच्या थांब्यावर उतरता आलं नाही. हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

त्या दिवसापासून ते बाराच्या आतच इस्पितळात जाऊन बसत.

त्यांच्या खोलीखाली बशारत नावाच्या माणसाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. पाकिस्तानातला, झेलमकडचा. सिमकार्ड घ्यायला गेलेले डोमाजी हिंदीत बोलले आणि त्याने काउंटरच्या आतून उठून येऊन त्यांचा हात धरला. पुढे डॉक्टर काय म्हणतात ते समजून घ्यायला डोमाजी त्यालाच फोन लावून देत. तो ऐकायचा आणि हिंदीत सांगायचा. पहिल्या चार दिवसांत सांगण्यासारखं काही नव्हतं. "चाचा, कह रहे हैं कि कोई तब्दीली नहीं है." एवढंच.

इकडे तुळसाबाई रोज व्हिडिओ कॉल करत. दुपारची भेट संपवून डोमाजी बसने बंदराजवळ परत येत, तेव्हा आपल्याकडे सहा वाजलेले असत. पहिल्याच कॉलला त्यांनी विचारलं, "पोरगा कोठी आहे? दाखवा ना मले."

"मोबाइल नेऊ देत नाही आत. लय कडक आहे इथलं."

"बोलून राहिला का?"

"बोलते ना. पाय टांगून ठेवला आहे. कटाळला म्हनते."

"मंग गाव तरी दाखवा. माहा पोरगा कोणत्या गावात आहे ते तं पाहू द्या."

डोमाजींनी मोबाइल फिरवला. समोर बंदर होतं. निळं पाणी, पांढऱ्या होड्या, पलीकडे डोंगर आणि डोंगरावर किल्ला. "अगे बाई!" तुळसाबाई म्हणाल्या. तिथून ते सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ला दाखवायला सांगितलं. डोमाजी गेले. टेकडीवर चढायला काचेची लिफ्ट होती. वर बाग होती आणि बागेत मोर मोकळे फिरत होते. तुळसाबाई इकडे शेजारच्या ललिताबाईंना हाका मारू लागल्या, "ललिताबाई, या ना, स्पेनात मोर आहे!" तिसऱ्या दिवशी सहा वाजता त्यांच्या अंगणात पाच-सहा बाया जमल्या. डोमाजींनी त्या दिवशी दोन हजार वर्षांपूर्वीचं दगडी नाट्यगृह दाखवलं, अर्ध्या गोलात पायऱ्याच पायऱ्या. जुन्या गावाच्या पोटात ते शेकडो वर्षं गाडलं गेलं होतं, घरं खोदताना सापडलं, असं बशारतने त्यांना सांगितलेलं. चौथ्या दिवशी लाकडी माश्यासारखी दिसणारी जुनी पाणबुडी. तिच्या लहानशा दाराकडे पाहून तुळसाबाई म्हणाल्या, "यात मानूस कसा जात असन वो?" मीही त्या दिवशी अंगणात उभा होतो. मी हसलो. बाकीच्यांबरोबर मी हसलो.

संध्याकाळी डोमाजी मला वेगळा फोन करत. तेव्हा त्यांचा आवाज दुसराच असे.

"गुरुजी, मले लाज वाटून राहिली. पोरगा तसा पडून आहे अन् मी मोर पाहून राहिलो."

"तुळसाबाईंसाठी करताय ना."

"तिच्यासाठी करून राहिलो, हे खरं. पन गुरुजी, त्या किल्ल्यावर हवा आली ना, तं मले बरं वाटलं. घटकाभर इसरलोच मी सुगतले. बापाले असं बरं वाटावं का?"

 खरं सांगून टाकू या, असं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण तुळसाबाई त्या दिवसांत दोन्ही वेळ जेवत होत्या, औषध घेत होत्या, वस्तीत हसतमुख फिरत होत्या. खुशबूलाही आम्ही एवढंच सांगितलं होतं की मार थोडा जास्त आहे. प्रत्येक दिवस उद्यावर ढकलणं सोपं जात होतं.

पाचव्या दिवशी बंदराच्या काठाने चालताना मोबाइलमध्ये एक मोठा पितळी पुतळा आला. उघडा, हाडं निघालेला माणूस, गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून जमिनीवर बसलेला. माणसापेक्षा कितीतरी मोठा.

"हा मानूस काहून असा बसला?" तुळसाबाईंनी विचारलं.

"थकला असन," डोमाजी म्हणाले आणि मोबाइल पाण्याकडे वळवला.

सहावा दिवस मंगळवार. सकाळी दहाला इस्पितळातून बोलावणं आलं. बशारतने दुकानाचं शटर ओढलं आणि तोही बरोबर गेला. एका लहान खोलीत दोन डॉक्टर आणि इस्पितळातलीच एक बाई बसले होते. टेबलावर पाण्याचे पेले आणि कागदी रुमालांचा डबा. तो डबा पाहूनच आपल्याला कळलं, असं डोमाजी म्हणतात.

डॉक्टर सावकाश बोलले. बशारतने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चाचा, दिमाग़ पूरा बंद हो चुका है. साँस मशीन की है. लड़का नहीं रहा."

"पन छाती तं हालून राहिली."

"मशीन है, चाचा."

डोमाजी पाणी प्यायले. मग ती बाई बोलली. ती काय विचारते आहे ते बशारतने दोनदा विचारून घेतलं, आपण चुकीचं तर ऐकत नाही ना म्हणून. सुगत तरुण होता. त्याचं काळीज, मूत्रपिंडं, डोळे चांगले होते. दुसऱ्यांना देता येतील. बापाची परवानगी हवी होती. उशीर झाला तर उपयोग नव्हता. जबरदस्ती काही नाही, नाही म्हणालात तरी कोणी वाईट मानणार नाही, असंही ती म्हणाली.

डोमाजींनी मला फोन लावला. मी वर्गावर होतो. बाहेर येऊन, भिंतीला टेकून ऐकलं.

"काय करू, गुरुजी?"

"तुळसाबाईंना..." एवढंच मी बोललो.  तुळसाबाईंना काय विचारणार होतो? पाय मोडलेल्या मुलाचं काळीज देऊ का, असं?

शेवटी तेच म्हणाले, "माती तं होनारच आहे. कोनाच्या कामी आला तं येऊ दे." आणि त्यांनी सही केली. मराठीत, पूर्ण नाव. मग ते आत गेले. या वेळी कोणी घड्याळ दाखवलं नाही. दीड वाजेपर्यंत ते त्याच्याजवळ होते. नखं पुन्हा पाहिली. तिळाच्या वड्यांचा डबा पिशवीत होता, तो त्यांनी नर्सच्या हातात दिला आणि बाहेर पडले.

बशारत म्हणाला, माझ्याकडे चला. ते म्हणाले, मला थोडं एकटं राहू दे. बसने ते बंदरावर उतरले आणि त्या पुतळ्याच्या शेजारी, दगडावर बसले. त्यांना वेळेचं भान नव्हतं. आपल्याकडे सहा वाजले होते. मोबाइल वाजला.

त्यांनी तो उचलायला नको होता. ते स्वतः तसं म्हणतात. पण उचलला नसता तर तुळसाबाई घाबरल्या असत्या, म्हणून उचलला. पडद्यावर सगळ्या बाया होत्या.

"आज काय दाखवता?"

डोमाजींनी चेहरा दिसू दिला नाही. मोबाइल समुद्राकडे धरला. एक मोठं प्रवासी जहाज धक्क्याला लागत होतं, सात-आठ मजल्यांचं. वरून लोक हात हलवत होते. इकडे अंगणातल्या बायांनीही हात हलवले. तुळसाबाईंनीसुद्धा. "सुगतले सांगजा, आमी जहाज पाह्यलं म्हणून," त्या म्हणाल्या.

"सांगतो," डोमाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बपेऱ्याहून आलेली खुशबू तुळसाबाईंपुढे बसलो. दारात गावच्या दवाखान्यातले डॉक्टर गाडी घेऊन उभे होते, काही झालंच तर.  मी सांगितलं. तुळसाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"कवा?"

"काल."

"काल कवा?"

"सकाळी. आपल्याकडे दुपार होती."

त्या हिशेब जुळवत होत्या, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, काल हलवलेल्या. ओरडल्या त्यानंतर. तसा आवाज मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलेला नाही. डॉक्टर धावत आत आले. पण ज्या झटक्याच्या भीतीने आम्ही सगळं लपवलं तो झटका आलाच नाही. रक्तदाब वाढला, गोळी दिली, तासाभराने उतरला. त्यांचं काळीज आमच्या समजुतीपेक्षा घट्ट होतं.

कागदपत्रांत आणखी आठ दिवस गेले. पेटी नागपूरला उतरली, तिथून शववाहिकेने शहापूरला. चेहऱ्यावरची सूज ओसरली होती, तो पुन्हा सुगतसारखा दिसत होता. भन्तेजींनी वंदना घेतली. वैनगंगेच्या काठी सगळं झालं. तुळसाबाई डोमाजींशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर डोमाजींनी सहीचं सांगितलं. आणखी काही लपवून ठेवायची त्यांच्यात ताकद राहिली नव्हती.

"डोळे बी?" तुळसाबाईंनी विचारलं.

"हो."

"देले त्याचं काही नाही. द्याचेच होते." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "पन मी त्याची माय होती. मले इचारलं काहून नाही? मोर दाखवाले फोन होता. हे इचाराले नव्हता?"

त्या खुशबूबरोबर बपेऱ्याला निघून गेल्या. सात महिने तिथेच राहिल्या. डोमाजी दर पंधरा दिवसांनी बसने जात, खुशबूच्या ओसरीवर तासभर बसत आणि परतीच्या गाडीने येत. तुळसाबाई चहा पाठवत, बाहेर येत नसत. स्पेनहून एकदा पत्र आलं, ते मी मराठीत लिहून दिलं. नावं सांगता येत नाहीत, पण चार माणसांना उपयोग झाला, असं त्यात होतं. डोमाजींनी ते बपेऱ्याला नेलं. तुळसाबाईंनी खुशबूकडून वाचून घेतलं आणि उशीखाली ठेवलं, पण तरीही बाहेर आल्या नाहीत.

मे महिन्यात त्या आपण होऊन परत आल्या. आल्या त्याच दिवशी मला बोलावणं आलं. मी गेलो तर अंगणात दोन खुर्च्या मांडल्या होत्या, त्या स्वतः खाली चटईवर बसलेल्या. माझ्याशी त्या सात महिन्यांनी बोलत होत्या.

"गुरुजी, तुमी बी बसा. तुमाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?"

"होय, तुळसाबाई."

"मंग तुमी बी सांगा. अन् तुमी," डोमाजींकडे वळून, "गुरुवारपासून सांगा. दवाखान्याचं. गावाचं काही नको मले. किल्ला नको, मोर नको. दाराच्या आत गेले तवापासून."

डोमाजी सांगू लागले. पट्ट्या, नळी, यंत्राचा आवाज, नखं. चुकलेली बस त्यांनी गाळली होती. मी आठवण करून दिली, तेव्हा तीही सांगितली. तुळसाबाई मधेमधे थांबवत. डोकं कोणत्या बाजूला होतं? हात गरम होते का? अंगावर कपडे कोणते? रोज तेच कपडे की बदलत? डोमाजी एकेक उत्तर देत होते. उन्हं अंगणातून सरकून भिंतीवर गेली. ललिताबाई एकदा फाटकाशी आल्या आणि आमच्याकडे पाहून परत गेल्या.

"चादर कोणत्या रंगाची होती?"

 डोमाजींनी डोळे मिटून घेतले. त्यांना जहाजाचे मजले आठवत होते, लिफ्टची काच आठवत होती, बसमधलं लाल बटण आठवत होतं. मुलाच्या अंगावरची चादर आठवत नव्हती.

"पांढरी असन," ते म्हणाले.

"असन नको. आता असन-बिसन नको मले." तुळसाबाईंनी भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले. "आठवा. मी बसून आहो."